तात्यांच्या तीन ओळी

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी एका गवताला नेमानं पाणी घातलं. मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे नाजूक, कातरलेल्या पानांचं एक झुडूप उगवलं होतं. मला वाटलं, शेवंती. नाशिकरोडला आमच्या गॅलरीत आई तेलाच्या डब्यात शेवंती लावायची, तिची पानं साधारण अशीच. बारीक पांढरी फुलं आली तेव्हा मी कौतुकानं सासऱ्यांना बोलावलं. तात्यांनी टोपी मागे सारली, फुलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, ह्याला गाजरगवत म्हणत्यात. लोक हे मारायला मजूर लावत्यात, अन् तू त्याला पाणी घालती."

तेव्हापासून भारतभाऊ, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, गोरक्षचा, चुलतभाऊ, बांधावरून जाता-येता विचारायचे, "वहिनी, शेवंती बरी हाय ना?" त्यांचं घर आमच्या द्राक्षबागेच्या पलीकडे. दिंडोरीच्या पुढे आमचा मळा, मग त्यांचा मळा, आणि दोन्हींच्या मधून जाणारी एक वाट.

तात्यांच्या लेखी गवतं दोन जातींची. एक बियांवर जगणारी, एक मुळांवर जगणारी. केना, घोळ, माठ, गाजरगवत ही बियांवरची. एक हंगाम जगायचं, फुलायचं, बी सांडायचं आणि वाळून जायचं. त्यांना फुलाआधी गाठायचं, कारण एकदा बी मातीत पडलं की ते किती वर्षं गप्प बसेल आणि कोणत्या पाण्याला डोकं वर काढेल ह्याचा नेम नाही. हरळी आणि लव्हाळा मुळांवरचे. त्यांना वरून छाटलं तर ते आणखी दाट येतात. लव्हाळ्याची एक गाठ उपटली की दोऱ्यात ओवल्यासारख्या बाकीच्या गाठी मातीतच राहतात आणि आठवड्यात पुन्हा हिरव्या सुया वर येतात.

हे सगळं ऐकताना मला पटायचं. वाफ्यात खुरपं घेऊन बसलं की सगळं सारखंच दिसायचं. लव्हाळा म्हणून मी लसूण उपटलाय. एकदा बागेतली घोळ निंदून बांधावर फेकली, तर संध्याकाळी तात्यांनी तीच टोपीत भरून घरी आणली आणि म्हणाले, लसूण घालून भाजी कर.

"तात्या, मग हे गवत की भाजी?"

"बागंत गवत. ताटात भाजी."

अजूनही घोळ दिसली की माझा हात क्षणभर थांबतो.

एका बाबतीत मात्र तात्यांचा कधी गोंधळ नव्हता. गवत मारायचं औषध. त्याचं नावसुद्धा ते घ्यायचे नाहीत, "ते पाणी" म्हणायचे. भारतभाऊ ऊस-मक्याला ते पाणी मारायचे, आणि तात्या चारचौघांत म्हणायचे, "आमचा भारत गवताला बी सलाईन लावतो." गोरक्षनं मजूर मिळत नाहीत म्हणून कितीदा विषय काढला, पण बागेत ते पाणी येणार नाही म्हणजे नाही. कमरेला खुरपं लावलेला माणूस. बाकीचे लोक गावात जाताना खिशात मोबाइल चाचपतात, तात्या कमरेचं खुरपं चाचपायचे.

आणि द्राक्षाच्या पट्ट्यात एका औषधाला सगळेच घाबरतात, तात्याच असं नाही. टू-फोर-डी. ऊस, मका, गहू ह्यांना त्याचं काही होत नाही, रुंद पानाचं गवत मात्र पिळवटून मरतं. द्राक्षाला त्याचा नुसता वारा लागला तरी नवी पानं वेडीवाकडी येतात, घड धरत नाहीत. म्हणून त्याचा पंप वेगळा ठेवायचा आणि तो बागेच्या फाटकाच्या आत आणायचा नाही, हे इथे शाळेतलं पोरही सांगेल.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. चिऊ झाली तेव्हा आई सव्वा महिना राहिली आणि परत गेली. त्यानंतर मला खरा हात दिला तो हर्षालीनं, भारतभाऊंच्या बायकोनं. आम्ही दोघी साधारण एका वयाच्या. दुपारची भांडी झाली की ती त्या वाटेनं यायची, दारातूनच हात पुढे करायची आणि म्हणायची, "आण, माझा वाटा." चिऊला कडेवर घेऊन निघून जायची. हर्षालीला अजून मूल नाही. त्याबद्दल ती बोलत नाही आणि मी विचारत नाही. तेवढ्या वेळात मी केस धुवायचे, झोपायचे, कधी नुसतीच भिंतीला टेकून बसायचे. माझं असं दिवसभरात तेवढंच होतं.

ह्या पावसाळ्यात चिऊ रांगायला लागली आणि तिच्या गालांवर लाल पुरळ उठलं. रात्रंदिवस खाजवायची. मी साबण बदलला. स्वतःचे शेंगदाणे बंद केले, मग दूध बंद केलं, मग वांगं. हर्षालीनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या, "उपयोग होवो न होवो, आपल्याला बरं वाटतं." शेवटी नाशिकला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी मलम लिहून दिलं आणि विचारलं, घराभोवती गाजरगवत आहे का?

"आहे. त्याच्यामुळे झालं का?"

"त्याच्यामुळेही असू शकतं. नक्की नाही सांगता येणार. पण काढून टाका."

यंदा पाऊस थांबता थांबत नव्हता. घरामागे गाजरगवत कमरेएवढं झालं होतं. तात्यांनी हाताला फडकी बांधून ते मुळासकट उपटलं. चार दिवस मोकळं दिसलं, मग माती पुन्हा बारीक हिरवी झाली, आणि बघता बघता ते परत गुडघ्याला आलं. त्यांनी पुन्हा उपटलं. ते पुन्हा आलं. चहाला बसले की ते चिऊच्या गालांकडे बघायचे आणि अर्धा कप तसाच ठेवून उठायचे. मला वाटायचं, चहा बिघडला.

मग एक दिवस मी घरामागे कपडे वाळत घालायला गेले तर ते सगळं गवत विचित्र दिसत होतं. माना मोडल्यासारख्या खाली, देठ सुंभासारखे पिळलेले.

"तात्या, ह्याला काय झालं हो?"

"ऊन लागलं."

"पण ऊन तर नाहीये."

"परवा व्हतं."

मी हो म्हटलं. गवताबद्दल तात्यांना खोटं ठरवणारी मी कोण? पुढे चिऊचं पुरळ हळूहळू गेलं, आणि मी मनातल्या मनात डॉक्टरीणबाईंच्या मलमाचे आभार मानले.

मग बागेची छाटणी आली. छाटणीनंतर काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना औषध लावतात, बादलीत कालवून, स्पंजानं, एकेका डोळ्याला. पेस्ट लावणं म्हणतात त्याला. सुरगाण्याकडची टोळी येते, सगळी बाग तीच करते. पण आमच्याकडे पहिल्या तीन ओळी तात्यांच्या. बाग लावली त्या वर्षी मजुराला पैसे नव्हते, तेव्हा तेवढ्या त्यांनी आणि सासूबाईंनी हातानं केल्या होत्या. तेव्हापासून दर वर्षी तात्या आपली पिवळी बादली घेऊन आधी त्या तीन ओळी करतात आणि मग टोळी आपल्या निळ्या बादल्या घेऊन आत शिरते. त्या वेळी मजूर थांबून राहतात, गोरक्ष आतल्या आत चरफडतो, पण कोणी काही म्हणत नाही. ह्या वर्षीही तसंच झालं. मी चिऊला घेऊन चहा घेऊन गेले होते. तात्या म्हाताऱ्या बोटांनी एकेक डोळा असा पुसत होते, जसं मी चिऊचे डोळे सकाळी ओल्या कापसानं पुसते.

कोंब फुटले, पानं उलगडायला लागली, आणि एका सकाळी गोरक्ष बागेतून आला तो तसाच ओट्यावर बसला. त्याच्या हातात एक पान होतं. द्राक्षाच्या पानासारखं दिसत नव्हतं ते. अरुंद, कडेला टोकं टोकं, शिरा सगळ्या जवळ जवळ आलेल्या, जपानी पंखा अर्धवट उघडावा तसं.

"व्हायरस असेल का?" मी विचारलं.

"काय माहीत."

"झिंक कमी पडलं असेल?" हा शब्द मी त्याच्याच तोंडून शिकले होते.

"वेदिका, मला नाही माहीत," तो म्हणाला, आणि मला त्याच्या आवाजाची भीती वाटली.

बागेला सल्ला देणारे राकेश सर दुपारी आले. त्यांनी ते पान तळहातावर ठेवलं, उजेडात धरलं, आणि ते फार वेळ बघतही बसले नाहीत.

"टू-फोर-डी."

"आम्ही तणनाशक वापरतच नाही, सर."

"तुम्ही नाही. आजूबाजूला कोणी मारलं का बघा. ह्या तीनच ओळी आहेत, म्हणजे कडेनं आलंय."

कडेला भारतभाऊंचा जनावरांच्या मुरघासाचा मका उभा होता. चारच दिवसांपूर्वी त्यांनी त्याला काहीतरी फवारलं होतं, मी स्वतः पंपाचा आवाज ऐकला होता.

तात्या तेव्हा कळवणला त्यांच्या बहिणीकडे गेले होते. ते असते तर काय झालं असतं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

गोरक्ष सरळ वाटेनं पलीकडे गेला. मी चिऊला घेऊन मागे.

"भारत, मक्याला काय मारलं?"

"मक्याचंच. बागंला चालतं ते."

"बाटली दाखव."

भारतभाऊंनी शेडमधून बाटली आणून दाखवली. गोरक्षनं ती वाचली आणि परत दिली.

"ही नाय. गेल्या साली उसाला आणली व्हती ती. अर्धी उरलेली. मी बघितली व्हती हितं, ह्याच फळीवर."

भारतभाऊंनी हातातल्या बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"कुठंय ती?"

"नाय आता."

"कशात संपली?"

भारतभाऊंनी एकदा आमच्या घराकडे पाहिलं, एकदा हर्षालीकडे. हर्षाली दारात कणकेचे हात तसेच घेऊन उभी होती. "संपली म्हणलं ना," ते म्हणाले. "तुझ्या बागंवर नाय मारली. पोरीची शपथ, चिऊची."

"माझ्या पोरीची शपथ तू घेऊ नको," गोरक्ष म्हणाला.

संध्याकाळपर्यंत वाटेवर बाभळीच्या फांद्या पडल्या होत्या. गोरक्षनं ट्रॅक्टरनं ओढून आणल्या, काटे वर करून. भारतभाऊंना आता रस्त्याला लागायला पाटाच्या कडेनं लांबचा वळसा. आणि हर्षालीला तर वाटच उरली नाही. दुसऱ्या दुपारी भांडी झाल्यावर मी सवयीनं चिऊचे हातपाय पुसले, काजळ लावलं, आणि मग ते काजळ घेऊन काय करायचं ते मला कळेना.

कळवणहून आल्यावर तात्यांना गोरक्षनं सगळं सांगितलं. ते ओळीच्या टोकापर्यंत जाऊन आले. आल्यावर म्हणाले, "त्याला ते पाणी मारायची सवयच हाय." एवढंच. पण नेहमीसारखं भारतभाऊंना चार शब्द ऐकवणं नाही, सलाईन नाही, काही नाही. मला वाटलं, धक्का बसला असेल.

चिऊ दुपारी रडायची. दाराकडे हात करून रडायची. म्हणून मी तिची झोळी आत न बांधता दारातल्या मांडवाला बांधायला लागले, बाहेर बघत तरी राहील म्हणून. ह्या मांडवावर द्राक्षाचा एकच वेल आहे, सासूबाईंनी लावलेला; छाटणीला तात्या त्यालाही हातानं पेस्ट लावतात. एका दुपारी झोका देता देता चिऊनं वर हात केला आणि एक पान ओढून तोंडात घातलं. मी बोट घालून ते बाहेर काढलं. तिच्या लाळेनं भिजलेलं, चुरगळलेलं. मी ते तळहातावर सपाट केलं.

ते पंख्यासारखं होतं.

मी वर पाहिलं. मांडवावरची सगळी नवी पानं तशीच होती. इतके दिवस त्याच्याखालून येत-जात होतो आम्ही. तात्यांची नजर कायम जमिनीवर, गोरक्षची बागेवर, माझी चिऊवर. वर बघायला कोणी नव्हतं.

मला आधी भीती वाटली, तिनं गिळलं असेल का. मग ती खिदळायला लागली आणि मला दुसराच विचार सुचला. मका बागेच्या त्या बाजूला. दारातला वेल घराच्या ह्या बाजूला, मधे अख्खं घर, गोठा, पाण्याची टाकी. वारा तीन ओळी मारेल, चौथी सोडेल, घरावरून उडी मारेल आणि नेमका ह्या वेलावर बसेल? मी चिऊला कडेवर घेऊन बागेत गेले. तिसरी ओळ वेडीवाकडी. चौथी ओळ, हात लांबवला तर पोहोचेल एवढ्या अंतरावर, हिरवीगार, पान न् पान तळहातासारखं उघडलेलं. मी दोन्हींच्या मधे उभी राहून इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मला वाटलं, मला पुन्हा काहीतरी नीट दिसत नाहीये, शेवंतीसारखं.

रात्री जेवताना गोरक्षला हळूच म्हटलं, "चौथ्या ओळीला काहीच कसं नाही?"

"वाऱ्याचा काय नेम?"

"आणि दारातल्या वेलाला?"

"त्याला काय झालं?" तो भाकरी मोडत म्हणाला, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तात्यांचा घास हातातच राहिलेला मी बघितला. पण त्यांना हल्ली जेवण जात नव्हतं, त्यामुळे त्यातूनही मला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाभळीच्या फांद्यांपर्यंत गेले. हर्षाली पलीकडे गाईला मका कापत होती. मला पाहून तिनं विळा थांबवला नाही.

"हर्षाली, ती बाटली कुठे गेली?"

"मला विचारू नको."

"मला सांग. मी कोणाला नाही सांगणार."

"ह्यांनी शब्द दिलाय कोणाला तरी. ह्यांचा शब्द मी मोडू? तुझ्या नवऱ्यानं काटे टाकले तेव्हा तू काही बोललीस का?"

ती म्हणत होती ते खरं होतं. चिऊ माझ्या कडेवरून तिच्याकडे झेपावत होती, काटे तिला दिसत नव्हते. हर्षालीनं आता विळा खाली ठेवला आणि तिच्याकडे बघितलं, बराच वेळ.

"गाल बरे झाले तिचे," ती म्हणाली.

"हो. गेलं सगळं."

"घरामागचं गवत?"

"ते पण गेलं. वाळलं."

"मग झालं तर," हर्षाली म्हणाली, आणि मक्याची पेंडी उचलून चालायला लागली.

मी तिथेच उभी. मग झालं तर, म्हणजे काय झालं? गालाचा आणि बाटलीचा काय संबंध? घराकडे परत येताना घरामागचा तो मोकळा तुकडा दिसला, आणि ते पिळलेले देठ आठवले. ऊन नसताना लागलेलं ऊन. मी तशीच गोठ्याकडे वळले. तात्यांची पिवळी बादली खुंटीला उपडी टांगलेली होती. स्वच्छ होती. वास घेतला तर मला काहीच वास आला नाही, आणि असता तरी कशाचा, ते मला कुठे कळणार होतं. पण तीन ओळी आणि दारातला वेल, एवढ्यालाच ह्या वर्षी ह्या बादलीतली पेस्ट लागली होती. बाकी सगळी बाग निळ्या बादल्यांतून.

मी बादली खाली काढली आणि तिच्याजवळ बसले. चिऊ तिच्यावर हात आपटत होती, म्हणून ती मी तिच्यापासून लांब सरकवली. मला तात्यांचा राग यायला हवा होता. येत नव्हता. ज्या माणसानं आयुष्यभर ते पाणी शिवलं नाही, त्यानं ते पुतण्याकडून मागून आणलं होतं, आणि कोणासाठी, ती माझ्या मांडीवर बसून बादलीकडे बघत होती. आता हे मी गोरक्षला सांगू? ज्याला बापानं इतकी वर्षं एक थेंब मारू दिला नाही, त्याला? नाही सांगितलं तर भारतभाऊ चोर आणि वाट बंद. सांगितलं तर तात्या पुन्हा कोणत्या तोंडानं खुरपं लावून गावात जातील? मी एकदा इकडून विचार करायचे, एकदा तिकडून, आणि दोन्हीकडून तेवढीच अडकायचे.

शेवटी मी काही ठरवलं नाही. तात्या लसणाच्या वाफ्यात बसले होते तिथे गेले आणि म्हटलं, "तात्या, दारातला वेल बघता का जरा? वर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले. मांडवाखाली येऊन मान वर केली. टोपी पडली मागे, ती त्यांनी उचलली नाही. चिऊनं उचलली आणि चावायला घेतली.

"हितं मका नाय," ते म्हणाले.

"नाही."

"पंपाला हात नव्हता लावला मी. पंप म्हणलं तर गोरक्षला कळंल. अन् पंप बागंत जातो, तो कसा खराब करणार? म्हणून बादलीत केलं, अन् कडुनिंबाच्या डहाळीनं शिपडलं." ते वर बघतच बोलत होते. "बादली राखंनं घासली. तीनदा. उन्हात ठेवली. एवढं घासल्यावर काय ऱ्हातंय?"

मला माहीत नव्हतं काय राहतं. मी म्हटलं, "प्लास्टिकला धरत असेल."

"त्या वेलाला बी मीच लावलं," ते म्हणाले. आणि मग, "तुझ्या सासूचा वेल हाय ह्यो."

"तात्या, भारतभाऊंनी सांगितलं नाही कोणाला."

"मीच म्हणलो व्हतो, गोरक्षला सांगू नको." ते ओट्यावर बसले. "कळवणवरनं आल्यावर मला वाटलं, त्यानं दुसरी बाटली आणली आसंल. तसं वाटून घेतलं मी. बरं पडलं वाटून घ्यायला." मग म्हणाले, "पोरीचे गाल बघवत नव्हते, वेदिका. खुरप्यानं आवरंना. इतकी वर्सं आवरलं, अन् ह्याच वक्ताला आवरंना."

मला त्यांच्या पायांना हात लावावासा वाटला आणि त्यांच्यावर ओरडावंसंही वाटलं. ह्यातलं काहीच केलं नाही. चिऊच्या तोंडातून टोपी सोडवली, झटकली आणि त्यांच्या हातात दिली.

"आता?" त्यांनी मला विचारलं. आजवर त्यांनी मला असं काही विचारलं नव्हतं.

"मला खरंच नाही कळत, तात्या."

त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर अपेक्षित होतं.

सकाळी मला जाग आली ती फरफटण्याच्या आवाजानं. तात्या वाटेवरच्या बाभळीच्या फांद्या ओढत होते. हाताला फडकं बांधलेलं. गोरक्ष ब्रश तोंडात धरून धावत बाहेर आला.

"तात्या, काय करताय?"

"वाट मोकळी करतोय."

"त्यानं आपल्या तीन ओळी मारल्या अन् तुम्ही..."

"त्यानं नाय मारल्या. मी मारल्या," तात्या म्हणाले आणि फांदी ओढत राहिले. "घरामागच्या गाजरगवताला ते पाणी आणलं. त्याच बादलीत मग पेस्ट कालवली. भारतकडून आणलं मी, त्याचं तोंड बंद करून."

गोरक्षच्या तोंडात फेस तसाच. मी दारात, चिऊला घट्ट धरून. आता हसेल, आता ओरडेल, आता सगळी वर्षं बाहेर काढेल, असं मला वाटत होतं. तो थुंकला, त्यानं हातानं तोंड पुसलं.

"किती टाकलं व्हतं पाण्याला?"

"झाकण भरून. दोन आसतील."

"एवढ्याशा बादलीला दोन झाकणं?"

"मला काय म्हाईत, कधी टाकलंय का मी?" तात्या म्हणाले.

गोरक्ष एक क्षण उभा राहिला, मग दुसऱ्या टोकाला गेला आणि फांदी धरली. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. काटा टोचला की दोघं आळीपाळीनं हात झटकत होते. पलीकडून भारतभाऊ आले. त्यांनी सगळं ऐकलं असावं. गोरक्षनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण सरकून फांदीवर जागा केली. भारतभाऊंनी ती धरली. "तात्या, तुम्ही बसा आता," ते म्हणाले. तात्या बसले नाहीत.

मला वाटलं, दुपारी हर्षाली येईल. भांडी झाली. चिऊचं तोंड पुसलं. काजळ लावलं. वाट मोकळी होती आणि रिकामी होती. मला पटकन जायलाही अवघड वाटत होतं आणि बसून राहायलाही. काटे आम्ही टाकले होते. मग आधी जायचं कोणी? आणि तात्यांनी जे कबूल केलं त्यात माझं काय, माझी माफी कशाची? हे सगळं मनात घोळवत मी चिऊला घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत गेले, थांबले, परत फिरले, आणि मग चिऊनं जो सूर लावला त्यामुळे पुन्हा वळले.

हर्षाली ओट्यावर मिरच्या निवडत होती. मी समोर उभी राहिले. तिनं वर पाहिलं.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही. आलेय."

"ते दिसतंय."

चिऊ दोन्ही हात पुढे करून जवळजवळ माझ्या हातातून निसटली. हर्षालीनं आधी हात पदराला पुसले, मग पाण्यानं धुतले, मग परत पुसले, मिरचीचे होते म्हणून. तेवढा वेळ चिऊ लोंबकळत होती आणि मी तिला धरून होते. मग तिनं तिला घेतलं. चिऊ लगेच तिच्या मंगळसूत्राला लागली.

"हे बरोबर नाही वागलात तुम्ही," हर्षाली म्हणाली.

"नाही वागलो."

"ह्यांना चार माणसांत काय काय ऐकावं लागलं, माहितीये?"

"नाही," मी म्हटलं. "सांग."

चिऊच्या गालावर तिनं आपला गाल ठेवला, मग बाजूला केला, नीट बघितलं, जणू पुरळ परत आलंय का बघत होती. रागावली आहे की रडते आहे, मला ओळखता येत नव्हतं.

"तुला बस म्हणू की जा म्हणू, मला कळत नाहीये," ती म्हणाली.

"मलाही कळत नाहीये."

तिनं चिऊच्या मुठीतून मंगळसूत्र सोडवलं. मग चिऊला कडेवर घेऊन आत गेली, आणि एका हातात पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी ओट्याच्या कडेला टेकले आणि पाणी प्यायले.